'लेखक' म्हणजे लिहिणारा की रचणारा?

प्रश्न : नव्या करारातल्या 'इब्री लोकांस पत्र' याविषयीचा एक लेख मी मराठीत आणते आहे. हे पत्र पौलाचे की दुसऱ्या कुणाचे, हा वाद फार जुना. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन याचे त्यावरचे वाक्य चर्चचा इतिहासकार युसेबियस याने उतरवून ठेवले आहे. मी ते असे केले : 'या पत्राचा लेखक कोण, हे खरे तर देवालाच ठाऊक.' मूळ ग्रीकमध्ये 'हो ग्राप्सास', शब्दशः 'लिहिणारा', आहे. 'लेखक' चालेल ना? आणि पुढे या पत्राला 'निनावी पत्र' म्हणू का?

उत्तर : 'लेखक' लिहिण्याआधी रोमकरांस पत्राचा 16वा अध्याय, 22वी ओवी, म्हणजे वचन, उघडा. तिथे तर्तिय स्वतःच्या नावाने सलाम सांगतो आणि स्वतःला 'हो ग्राप्सास तेन एपिस्तोलेन', पत्र लिहिणारा, म्हणवतो. पत्र पौलाचे, तर्तियाने फक्त उतरवून घेतले. ओरिजेनच्या वाक्यात हेच शब्द जसेच्या तसे आहेत! म्हणजे तो कर्त्याविषयी बोलतोय की लेखनिकाविषयी, इथेच अभ्यासकांचे दोन तट पडतात. आज 'लेखक' म्हटले की मराठी वाचकाला रचणाराच दिसतो, त्यामुळे तुमच्या भाषांतराने हा वाद परस्पर मिटवून टाकला.

जुन्या मराठीत हा घोटाळा नव्हता. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत 'टीका केली ज्ञानेश्वरें' आणि 'सच्चिदानंदबाबा आदरें लेखकु जाहला'. केली एकाने, लेखकु दुसरा. तो अर्थ आज गेला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसरे उत्तर : सच्चिदानंदबाबांचा दाखला सुरेख, पण तो ओरिजेनला पुरत नाही. त्याच उताऱ्यात ओरिजेन म्हणतो की विचार प्रेषिताचे, म्हणजे पौलाचे, आहेत, शब्दकळा आणि मांडणी मात्र ते आठवून लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाची, जणू शिष्याने गुरूचे बोल टिपून ठेवले. रोमचा क्लेमेंट किंवा लूक, अशी दोन नावेही लोक सांगतात असे तो नोंदवतो. हा माणूस लेखनिकाहून बराच मोठा झाला. मला तर तिथे चक्रधरांच्या आठवणी जमवून 'लीळाचरित्र' लिहिणारे म्हाइंभट आठवतात.

'निनावी' मात्र कृपा करून नको. आपल्याकडे निनावी पत्र म्हणजे कुणाची तरी चुगली करणारे, नाव लपवून टाकलेले. इब्री पत्रात कुणी काही लपवलेले नाही. 13व्या अध्यायात लिहिणारा 'मी लवकर तुमच्याकडे परत यावे म्हणून प्रार्थना करा' अशा अर्थाचे सांगतो, पौलाचा सहकारी तीमथ्य सुटल्याची बातमी देतो. वाचणाऱ्यांना तो चांगला माहीत होता, माहीत नाही तो आपल्याला. 'अज्ञातकर्तृक' म्हणा. 'बनावट' तर मुळीच नको, कारण पत्रात पौलाचे नाव कुठेच नाही. ते पुढच्यांनी त्याच्या नावावर घातले.

प्रश्नकर्ती : पटले. मग 'हे पत्र लिहिले कोणी, हे खरे तर देवालाच ठाऊक' असे करते. 'लिहिले' म्हणजे रचले की उतरवले, हे ग्रीकइतकेच मोकळे राहते. शिवाय 'कोणी'ला लिंग नाही. लेखात पुढे जर्मन अभ्यासक हार्नाकचे 1900 सालचे मत येते, की पत्र पौलाची सहकारी प्रिस्किल्ला हिचे असावे.

पहिले उत्तर देणारा : वाक्य उत्तम. फक्त हार्नाकपाशी आलात की याच पत्राचे 11:32 हे वचन जपून करा. गिदोन, बाराक यांच्याविषयी सांगत बसायला वेळ पुरणार नाही, असे तिथे म्हटले आहे आणि त्या 'सांगत बसण्या'चे ग्रीक धातुसाधित पुल्लिंगी आहे. प्रिस्किल्लेच्या विरोधात सगळे तेच पुढे करतात. 'वेळ पुरणार नाही' एवढ्यावर भागवलेत तर मराठीत तो पुरावाच नाहीसा होईल. 'मी सांगत बसलो तर' असेच ठेवा.