चार्ल्स राजाची तब्येत आणि गादीच्या वावड्या

भाऊ, तुम्ही म्हणता ब्रिटनचा राजा चार्ल्स आता पोराला, विल्यमला, गादी देऊन मोकळा होईल. मला नाही वाटत बाप्पा! फेब्रुवारी २०२४ मध्ये राजवाड्यानं कॅन्सर झाल्याचं सांगितलं, पण कोणता ते सांगितलं नाही. मग काय, आमच्या पानठेल्यावरही कापसाचा भाव सोडून हाच विषय!

गादी सोडायची तर पार्लमेंटचा कायदा लागतो, १९३६ मध्ये आठव्या एडवर्डसाठी केला तसा. राजाला काम झेपेनासं झालं तर १९३७ चा रीजन्सी कायदा आहे. त्यात राजा तोच राहतो, कारभार फक्त वारस पाहतो. तेही कोणी कुजबुजलं म्हणून होत नाही. राणी, लॉर्ड चान्सलर (म्हणजे तिथला न्यायमंत्री), पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाचा स्पीकर आणि दोन बडे न्यायाधीश, या पाचांतल्या किमान तिघांनी डॉक्टरांचा पुरावा पाहून लेखी द्यावं लागतं.

वारसाचा खरा घोळ पाहायचा तर आपलं नागपूर पाहा. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले गेले, पोटी मुलगा नाही. घरच्यांनी घेतलेला दत्तक कंपनीनं मानला नाही आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. हत्ती-घोडेसुद्धा विकून टाकले लेकाच्यांनी! लंडनला ती पाळीच नाही. विल्यमच्या मागं जॉर्ज, शार्लट, लुई रांगेत आहेतच.