हॉस्टेलवर संध्याकाळची प्रार्थना कशी चालू ठेवता?

सोलापूरची_नर्स:
सलाम सगळ्यांना. मी पुण्यात बीएस्सी नर्सिंग करते, आता दुसरं वर्ष. सुट्टी संपत आली. रविवारची उपासना करून सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसने निघायचं आहे.

यंदा आमच्या मंडळीची (चर्चची) व्हीबीएस, म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, उन्हामुळे सकाळी लवकर भरायची. माझ्याकडे सगळ्यात लहान पोरांचा वर्ग होता. माशाने गिळलेल्या योनाच्या गोष्टीसाठी पुठ्ठ्याचा मासा केला, तोंडाची उघडझाप होणारा. पोरं आत कोपरापर्यंत हात घालून ओरडायची. शेवटच्या दिवशी एका चिमुरडीने विचारलं, "ताई, माशाच्या पोटात योनाने प्रार्थना केली, मग आमेन कोण म्हणालं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

घरी रात्री आठला आजी प्रार्थना करते. शेजारी माग चालतात म्हणून मोठ्याने करते. लाइट गेली की माग थांबतात आणि तिचा आवाज अख्ख्या गल्लीत ऐकू जातो. एकेकाचं नाव घेते: मुंबईचा काका, डायलिसिसवरच्या शेजारीणबाई, माझ्या पेपरांचे विषयसुद्धा. आम्ही आमेन म्हणायचं. हॉस्टेलवर शब्द सुचत नाहीत असं नाही, पण आमेनही माझं मलाच म्हणावं लागतं.

रूममेट दोघी, एक लातूरची, एक साताऱ्याची. देवाधर्माचं करणाऱ्या, मायाळू मुली आहेत. त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको, आणि मला पांघरुणात लपून प्रार्थना करायची नाही. त्यात पोस्टिंग लागली की रविवारीही ड्युटी.

बाहेर शिकताना तुम्ही काय केलंत? कृपया ऑनलाइन उपासना सुचवू नका. मला माणसं हवी आहेत.

बार्शीकर:
सलाम ताई. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय गाठा, पंचहौद म्हटलं की कुणीही सांगेल. १८९० साली मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) झालं, ते हेच पंचहौद. मी तिथे मराठी उपासनेला जायचो. उपासना संपल्यावर लगेच निघू नका. पाळकसाहेबांना भेटून कुठल्या मंडळीतल्या ते सांगा. आपली सोयरीक नगर, सोलापूर, पुणे अशीच पसरलेली आहे, कुणीतरी ओळखीचं निघतंच. रविवारी ड्युटी असेल तर तरुण संघाची मधल्या वारची सभा विचारून घ्या.

अक्कलकोटची_स्वाती:
मी ख्रिस्ती नाही, पण तुमच्या रूममेटच्या जागेवर होते म्हणून लिहिते. माझ्या मैत्रिणीने पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं होतं, "मी रात्री दहा मिनिटं प्रार्थना करते, चालेल ना?" मीही तारक मंत्र म्हणायचेच, मला काय अडचण असणार? तेवढा वेळ आम्ही फोन बाजूला ठेवायचो. परीक्षा आली की मीच तिला सांगायचे, माझ्या पेपरसाठीही माग. विचारा त्यांना. न विचारता लपवलंत तर उलट परकेपणा वाटतो.

लष्करमधली_मावशी:
बाळा, सलाम. गाडी दौंड सोडून पुण्याकडे निघाली की केडगाव लागतं. हुतात्मा तिथे थांबत नाही, पण खिडकीतून बघ. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. नवरा १८८२ मध्ये गेला, लेक मनोरमा १९२१ मध्ये. तरी बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम सोडलं नाही, १९२२ च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत करत राहिल्या. पण ते काही एकटीने खोलीत बसून नव्हे हं. आश्रमातल्याच बायका छापखाना चालवायच्या. म्हणून म्हणते, माणसं हवीत हे तुझं बरोबर आहे. नर्सिंगला आपल्या पोरी असतातच, वरच्या वर्गात चौकशी कर. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, असं प्रभूने सांगितलंय, एकीपासून सुरुवात होते.

आणि रात्री आठला आजीला फोन लाव. प्रार्थना तू कर, आमेन तिला म्हणू दे.

सोलापूरची_नर्स:
मावशी, आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सोमवारची वाट कशाला बघतेस, आजपासूनच तू कर. स्वाती, दोघींना गेल्या गेल्या विचारते. बार्शीकर दादा, तरुण संघ कुठल्या वारी भरतो? ड्युटीचा तक्ता लागण्याआधी कळलं तर सिस्टरांना तेवढी संध्याकाळ मोकळी मागता येईल.