मदत हवी आहे: होलेनटालक्लाम घळ (गार्मिश, जर्मनी), सोबत आई-बाबा आणि सात वर्षांचा मुलगा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात म्युनिकहून एका दिवसात हामर्सबाख गाव – होलेनटालक्लाम – आंगरह्युट्ट (डोंगरातलं विश्रामगृह) आणि परत, असा बेत आहे. आई-बाबा साठीपुढचे. दोघे गुंजवण्यातून राजगड चढलेले आहेत, पण बाबांचा गुडघा उतारावर दुखतो. घळीतली वाट त्यांना जमेल का? पाऊस आला तर काय करायचं? बायर्न तिकीट (बायर्न राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) काढणार आहोत.

प्रतिसाद १
हामर्सबाख साधारण ७६० मीटरवर, आंगरह्युट्ट १,३८७ वर. म्हणजे सव्वासहाशे मीटरचा चढ, आरामात गेलात तर तीन तास. घळीच्या तोंडाशी तिकीटघर असलेली झोपडी १,०४५ मीटरवर आहे. तिथवर जंगलातला चढ, पुढे साधारण किलोमीटरभर कातळात खोदलेली वाट, बोगदे आणि पूल. ही वाट १९०५ मध्ये खुली झाली.

आत भर उन्हाळ्यातही अंगावर पाणी ठिबकतं आणि बोगद्यात चांगलाच गारठा असतो. प्रत्येकाला रेनकोट हवाच. छत्री त्या अरुंद वाटेत अडते. खोल नक्षीच्या रबरी तळव्यांचे बूट घाला, गुळगुळीत स्पोर्ट्स शूज ओल्या कातळावर घसरतात. बोगद्यांचं छत ठिकठिकाणी खाली येतं, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. मुलाचा हात धरा आणि त्याला कातळाच्या बाजूला ठेवा.

बाबांसाठी दोन काठ्या घ्या. घळीत मात्र त्या मिटून सॅकला लावा, एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. खरा त्रास तिकीटघराखालच्या उतारावर होईल.

प्रतिसाद २
बायर्न तिकिटाचा फेरविचार करा. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं. गार्मिशला पोचायला सुमारे दीड तास, मग हामर्सबाख. चालायला सुरुवात होईपर्यंत अकरा वाजतात आणि आंगरह्युट्टला दोन. जुलैत आल्प्सचे गडगडाटी ढग दुपारीच भरतात. नेमके त्याच वेळी तुम्ही परतीसाठी घळीत शिराल. शनिवारी-रविवारी हे तिकीट पहाटेपासून चालतं, पण गर्दी असते. मी तरी आठवड्यातला दिवस आणि पहाटेच्या गाडीचं साधं तिकीट घेईन.

घळीत ऊन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वरचं खोरं उभ्या, उघड्या खडकाचं आहे. तिथे पडलेला पाऊस थेट या चिंचोळ्या फटीत येतो. आपल्याकडच्या सांदण दरीत पावसाळ्यात उतरत नाहीत ते याच कारणाने. १६ ऑगस्ट २०२१ ला अशाच लोंढ्यात इथला पूल वाहून गेला आणि जीवही गेला. आदल्या रात्री आणि निघताना जर्मन हवामान खात्याचा गडगडाटाचा इशारा बघा. वर असताना गडगडलं तर आंगरह्युट्टमध्येच थांबा, शेवटची गाडी चुकली तरी चालेल. आत असताना पाणी एकदम गढूळ झालं किंवा लाकडं वाहत आली, तर फोटो सोडा आणि पात्रापासून उंच जागा गाठा. आपत्कालीन क्रमांक ११२.

धागाकर्ता
धन्यवाद! घळ टाळून उतरायला श्टांगनश्टाइग कशी आहे? आणि आंगरह्युट्टच्या पुढे थोडं जावं का?

प्रतिसाद १
श्टांगनश्टाइग घळीच्या वरून, लोखंडी पुलावरून जाते. उंचीची भीती नसलेल्या, पक्क्या पायाच्या लोकांसाठी ठीक. तुमच्या गटाला नको. आंगरह्युट्टच्या पुढची वाट त्सुगश्पित्सेची, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च शिखराची. हामर्सबाखपासून सुमारे २,२०० मीटर चढ, लोखंडी पायऱ्या-तारा आणि हिमनदी. त्यासाठी हार्नेस, हेल्मेट, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) लागतात. तुम्ही आंगरह्युट्टलाच मागे फिरा.

बाबांना उतार नकोच असेल तर त्या दिवशी आई-बाबांनी गार्मिशचीच पार्टनाखक्लाम बघावी. स्की स्टेडियमपासून पायी सुमारे अर्ध्या तासात तिचं तोंड येतं. ७०२ मीटर लांबीची घळ, आत चढ अगदी सौम्य. रेनकोट मात्र तिथेही लागेल.