चौथा नोड कशाला?

वर कोणीतरी म्हटलंय की तीनऐवजी चार नोड (मिळून एकच यंत्रणा चालवणारे सर्व्हर) घेतले की आणखी एक पडला तरी निभावतं. नाही हो! काम चालू राहायला निम्म्याहून जास्त नोड, म्हणजे बहुमत, शाबूत लागतं. चारांत बहुमत तिघांचं, म्हणजे पडायची मुभा एकालाच. तीन नोडांतही तेवढीच. दोन पडलेले सोसायचे तर पाच हवेत.

आणि बहुमत झालं म्हणजे सुटलो असंही नाही. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचा (प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट) अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संपर्क फक्त ४३ सेकंद तुटला. ऑर्केस्ट्रेटरने (प्रायमरी कोण ते ठरवणारं सॉफ्टवेअर) रीतसर बहुमत घेऊन डेटाबेसचा प्रायमरी, म्हणजे नव्या नोंदी घेणारा मुख्य सर्व्हर, पश्चिमेला हलवला. पण पूर्वेकडे काही सेकंदांचे राइट्स (नव्या नोंदी) तसेच अडकलेले, पश्चिमेला पोचलेच नव्हते! दोन्हीकडे वेगळा डेटा. निस्तरायला २४ तास ११ मिनिटं. तुमचं रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या नोडवर प्रत करणं) असिंक्रोनस आहे का, म्हणजे प्रत पोचायची वाट न पाहताच राइट झाला म्हणतं का, ते आधी सांगा.