मदत हवी आहे: उत्तर कसब्यातून जुळे सोलापूर, घर हलवायचा खर्च १२,००० मध्ये बसेल का?

कसब्यातली सून

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या वाड्यातली आमची भाड्याची जागा ३१ जानेवारीपर्यंत सोडायची आहे. मालकांना वाडा उतरवून नवीन बांधायचंय. भांडण काही नाही, डिपॉझिटचे २०,००० जागा सोडल्यावर देतो म्हणालेत. नवीन घर गावातच, जुळे सोलापुरात मिळालंय. दुसरा मजला, लिफ्ट नाही. भाडं ९,०००, डिपॉझिट कमी करता करता ४०,००० वर थांबलं. आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन पोरं आणि सासूबाई.

सामानात दोन लोखंडी कपाटं (एक सासूबाईंच्या लग्नातलं, त्याचा पत्रा बघूनच हमाल भाव वाढवतो), फ्रिज, समोरून उघडणारं वॉशिंग मशीन, लाकडी पलंग, दिवाण, माझं शिलाई मशीन, इन्व्हर्टर, ज्वारीच्या दोन कोठ्या, भांडी आणि पाण्याची पिंपं. पिंपं किती हे सोलापूरकरांना सांगायला नको.

पॅकर्सवाल्यांनी फोनवर १६,५०० सांगितले, वर जीएसटी वेगळा. डिपॉझिट सोडून आमच्याकडे जेमतेम १२,००० आहेत. छोटा हत्ती टेम्पो करून, हमाल घेऊन आपलं आपणच केलं तर जमेल का? एक फेरी की दोन? पोरांना संक्रांतीला सुट्टी असते म्हणून त्याच दिवसांत उरकावं असं यांचं म्हणणं आहे. सासूबाई म्हणतात पौषात घर बदलायचं नाही म्हणजे नाही. आणि खर्चात आपण काय धरायला विसरतो, तेही सांगा. ट्रकभाड्याचा अंदाज सगळेच देतात, बाकीचं कोणी सांगत नाही.

सात रस्ता

ताई, पॅकर्सचं सोडा. बाहेरगावी जायचं असेल, सामान वाटेत एखादी रात्र काढणार असेल, तर त्यांचा उपयोग. गावातल्या गावात पैसे अंतराचे नसतातच, उचलण्याचे असतात. कसब्यातून जुळे सोलापूरला जायला डिझेल लागतं किती? खरा खर्च वाड्याच्या दारापासून गाडीपर्यंत आणि तिकडे तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत.

म्हणून आधी हे बघा, की तुमच्या बोळात गाडी येते का. कसब्यातल्या कित्येक बोळांत छोटा हत्तीसुद्धा वळत नाही. गाडी चौकात लावावी लागली तर तिथपर्यंत हातगाडी लागेल, तिचे पैसे वेगळे. हे आधी बोलला नाहीत तर हमाल बोळाच्या तोंडाशी उभे राहून नव्याने भाव सुरू करतात, आणि तेव्हा तुमचं अर्धं घर रस्त्यावर असतं.

ठरवताना फोनवर ठरवू नका. मुकादमाला घरी बोलवा, कपाट दाखवा, बोळ दाखवा, तिकडचे दोन जिने सांगा. गाडीची फेरी किती, माणशी किती, मजल्याचे किती, हे तीन आकडे सुटे सुटे घ्या आणि मोबाईलवर लिहून पाठवा. ‘सगळं मिळून बघू की’ म्हणणारा माणूस घेऊ नका.

छोटा हत्ती साधारण पाऊण टन घेतो. वजनाने तुमचं सामान बसेल, पण जागा पुरणार नाही. दोन फेऱ्या धरा. नाहीतर पिकअप घ्या, तिचा हौदा लांब असतो, कपाटं आडवी बसतात. पण मग बोळाचा प्रश्न आला. मला विचाराल तर छोटा हत्ती आणि दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत कपाटं, पलंग, फ्रिज. ते वर लागले की दुसऱ्या फेरीतली खोकी ठेवायला जागा होते. उलट केलंत तर खोक्यांच्या डोंगरावरून कपाट न्यावं लागतं.

पिंपवाली

सात रस्ता यांनी सगळं सांगितलं, फक्त पाणी राहिलं. सोलापुरात घर बदलताना पंचांगाआधी पाण्याचा दिवस बघावा.

ताई, तुमच्या कसब्यातला पाण्याचा दिवस आणि जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीचा दिवस एक नसणार. रोज पाणी येत असतं तर काही फरक पडला नसता. आपल्याकडे दिवसाआड नाही, तीन-चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येतं. समजा कसब्यात सोमवारी पाणी आलं, तुम्ही सवयीने सगळी पिंपं भरलीत आणि मंगळवारी निघालात. ते पाणी ओतून द्यायचं. तिकडे रविवारीच येऊन गेलेलं, पुढचं गुरुवारी. सामान उतरवून घामाघूम झालेली पाच माणसं, दुसऱ्या मजल्यावर, आणि नळाला सूं सूं.

नवीन घराच्या शेजारणीकडे जा (मालकाला विचारू नका, त्याला माहीत नसतं). पाणी कोणत्या दिवशी येतं, पहाटे की रात्री, दुसऱ्या मजल्यावर मोटर लावल्याशिवाय चढतं का, हौद सगळ्यांचा मिळून आहे का, टँकर मागवला तर वाटणी कशी होते, सगळं विचारा. मग असं करा: तिकडे पाणी येईल त्या दिवशी जाऊन फरशी, ओटा, संडास-बाथरूम धुऊन घ्या, मालकाने टाकी कधी धुतली ते विचारा, आणि एक पिंप आधीच नेऊन भरून ठेवा. सामान दुसऱ्या दिवशी. कसब्यातली पिंपं त्या आठवड्यात भरायची नाहीत, वापरून रिकामी करत आणायची. रिकामी पिंपं कोरडी करून त्यात उशा, चादरी, पोरांची दप्तरं कोंबा. पॅकिंगचा खर्च तेवढाच वाचतो.

गड्डाप्रेमी

संक्रांतीत घर हलवायचं, तेही उत्तर कसब्यातून? तुमच्या यांना गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेचं, कोणी सांगितलं नाही का? यात्रेच्या मानकऱ्यांचा हिरेहब्बू वाडा तुमच्याच भागात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, तिथून निघतात, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. मग अक्षता, मग होम. त्या दिवसांत तुमच्या बोळातून हातगाडी काय, सायकल निघणार नाही. शिवाय अर्धे हमाल स्वतःच बाराबंदी घालून मिरवणुकीत असतील.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण आपल्या गावात अक्षता म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्नच, आणि ते लागतं पौषात! तरी त्यांचा शब्द मोडू नका, कारण यंदा मोडायची गरजच नाही. कॅलेंडर काढा. १८ जानेवारी २०२६ ला पौष अमावास्या. १९ पासून माघ. २२ ला गुरुवारी माघी गणेश जयंती. तुमची मुदत ३१ ची. म्हणजे गड्डाही झाला, पौषही गेला, आणि हातात तेरा दिवस राहिले.

एकच लक्षात ठेवा, होम मैदानावरची दुकानं, पाळणे महिनाअखेरपर्यंत असतात. संध्याकाळी पार्क चौकाकडे गर्दी होते. सकाळी सातला पहिली फेरी निघू द्या.

कसब्यातली सून

गड्डाप्रेमी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. लग्नाच्या मुद्द्यावर ‘ते देवाचं आहे, आपलं नाही’ म्हणाल्या. पण २२ तारखेला एकदम राजी! आता यांना पटवायचं राहिलंय, सुट्टी नाही म्हणून.

पिंपवाली ताई, शेजारणीकडे उद्याच जाते. करारनाम्याबद्दल कोणी सांगेल का? नवे मालक म्हणतात शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करू, नोंदणी कशाला, ११ महिन्यांचाच तर आहे.

हिशेबी माणूस

नोटरीवर भागवू नका. ११ महिन्यांचा करार नोंदवायचा नसतो ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. हे मालकांना गोडीत सांगा, त्यांचाच तोटा आहे म्हणून.

खर्च घाबरण्यासारखा नाही. ९,००० गुणिले ११ म्हणजे ९९,०००. परत मिळणाऱ्या ४०,००० डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज धरतात, साधारण ३,६६७. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोंदणी ऑनलाइन होते, दोन्ही बाजूंचं आधार आणि अंगठा लागतो. एजंट घरी मशीन घेऊन येतो, त्याचे पैसे वेगळे. एकूण खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे, तसं बोला.

पण ताई, तुमची खरी अडचण १२,००० ची नाहीच. ४०,००० आधी द्यायचे आणि २०,००० नंतर मिळणार, मधली तोंडमिळवणी कशी करणार? शिवाय १५ जानेवारीपासून नवं भाडं सुरू झालं तर अर्ध्या महिन्याचं दुहेरी. जुन्या मालकांना आत्ताच विचारा, जानेवारीचं भाडं डिपॉझिटातून वळतं करून घेतील का. वाडा उतरवायचाच आहे म्हणजे रंगाचे, खिळ्यांचे पैसे कापायचा प्रश्न नाही, ते हो म्हणतील. नवीन मालकांना म्हणा, ३०,००० आत्ता, १०,००० फेब्रुवारीत, पण तसं करारात लिहून.

लाईटबिल: दोन्हीकडच्या मीटरचा फोटो, रीडिंग दिसेल असा, जागा ताब्यात घेताना आणि सोडताना. आधीच्या भाडेकरूची थकबाकी आहे का ते ग्राहक क्रमांकावरून बघून घ्या. गॅसला एजन्सी बदलेल, पण गावातल्या गावात सिलिंडर-रेग्युलेटर जमा करावा लागत नाही, कागदच फिरतात. आणि एक खर्च कोणी धरत नाही: पोरांची शाळा तीच राहणार असेल तर रिक्षाचं महिन्याचं भाडं वाढेल, यांचं पेट्रोलही. तो काही एकदाच होणारा खर्च नाही, दर महिन्याच्या हिशेबात घाला.

बाळीवेसकर

पॅकर्सवाले बबल रॅप, कार्टन म्हणून काय काय सांगालेत लोकांना. सोलापुरात राहून बबल रॅप घेतंय कोण ओ? जुन्या चादरी काढा की. कपाटाच्या आरशाला एक, फ्रिजला दोन, वरून सुतळी. टॉवेल-चादरीच्या दुकानात जाऊन सांगितलं तर चांगली जाड खोकी मिळतात, दहा-वीस रुपयाला एक. भांडी गोणपाटात. काचेच्या बरण्या ज्वारीच्या कोठीत रोवून ठेवा, हलत नाहीत.

फ्रिज आडवा घालू नका, उतरवल्यावर चार-पाच तास बटण दाबू नका. समोरून उघडणाऱ्या मशीनला कंपनीचे लांब बोल्ट येतात, ड्रम बांधायचे. माळ्यावर बघा, टाकून दिलं नसेल तर. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्यायची, नाहीतर ॲसिड सांडून दिवाण जाळेल. शिलाई मशीनचं वरचं मुंडकं सोडवून स्वतः मांडीवर घेऊन जावा, हमालाच्या हातात देऊ नका.

आणि लोखंडी कपाटाचे कप्पे रिकामे करा बरं का. लुगडी राहू द्या म्हणतील सासूबाई, ऐकू नका. त्या वजनानं जिन्यात दार पिचतं, मग आयुष्यभर लागत नाही.

कसब्यातली सून

सगळ्यांचे आभार. मुकादमाला घरी बोलावून बोळ दाखवला. छोटा हत्ती चौकापर्यंतच येणार. आता बेत असा: गाडीच्या दोन फेऱ्या २,४००. चार हमाल, दोन जिन्यांसकट ३,६००. हातगाडी ५००. खोकी, सुतळी, चिकटपट्टी ४०० (चादरी घरच्या). पंखे, गिझर, इन्व्हर्टर काढून-लावायला मिस्त्री १,५००. करारातला आमचा वाटा १,०००. दोनशे लिटरचं एक जादा पिंप ९००, कारण तिकडे पहाटे चारला पाणी येतं आणि दीड तासच. चहा, आणि दुपारी सगळ्यांना कडक भाकरी, शेंगाचटणी, वरण ७००. अकरा हजार झाले. वर दीड हजार हाताशी ठेवले की बजेट पाचशेनं वर जातं, तेवढे जुनी कॉट आणि रद्दी विकून निघतील.

जुने मालक जानेवारीचं भाडं डिपॉझिटातून घ्यायला तयार झाले. हिशेबी माणूस, तुम्ही सांगितलं नसतं तर मी विचारलंच नसतं.

आता पेच एकच. शेजारीण म्हणाली, पाणी २० ला किंवा २१ ला येईल, ‘आलं तर’. सासूबाईंना २२ च हवी. २१ ची पहाट चुकली आणि पाणी २२ लाच आलं तर?

पिंपवाली

मग बदलू नका काही. २१ ला रात्रीच तुमच्या यांना आणि एका पोराला तिकडे झोपायला पाठवा, मोटरीचं बटण आणि पाईप हाताशी. पाणी आलं की पिंप भरून घेतील, फरशी पुसून घेतील. तुमची पहिली फेरी सातला निघून साडेसातला पोचेल. सासूबाईंना दोन्ही फेऱ्यांच्या आधी रिक्षाने देव आणि कलश घेऊन जाऊ द्या, दूध उतू घालायला गॅस लागेल, तो पहिल्या फेरीत टाकायला विसरू नका.

सात रस्ता

आणि मुकादमाला २२ तारखेचा विसार आजच द्या, दोन-तीनशे पुरे. पौष संपायची वाट बघणाऱ्या तुमच्या सासूबाई काही एकट्या नाहीत.