जुन्या मॉरिस मायनरचं वायरिंग: डागडुजी करू की पूर्ण नवीन टाकू? पार्ट कसे शोधायचे?

मागचीसीट

नमस्कार मंडळी. १९६० ची मॉरिस मायनर १००० आहे. इंजिन ठणठणीत, पण वायरिंगने वैताग आणलाय. हेडलाइट लावले की डावा मिणमिणतो, उजवा बरा. हॉर्न दाबला की दोन्ही मंदावतात. दाराच्या खांबातून बाहेर येणाऱ्या दांडीच्या इंडिकेटरपैकी (ट्रॅफिकेटर) उजवा उठतच नाही. डॅशबोर्डमागे कापडी आवरणाच्या वायरी आहेत आणि त्यांवर आधीच्या मालकांनी चढवलेले टेपचे थर. एके ठिकाणी चक्क घरगुती फिटिंगच्या वायरचा तुकडा जोडलाय.

मेकॅनिक म्हणतो, सगळं उपटून टाका, निगेटिव्ह अर्थ करा (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडा), डायनमो (गाडीत वीज बनवणारं जुनं यंत्र) काढून त्याजागी अल्टरनेटर हे नवं यंत्र बसवा. मला गाडी शक्यतो मूळ ठेवायची आहे. काय करू? आणि पार्ट मागताना नेमकं काय सांगायचं? ‘मायनरचा स्विच द्या’ म्हटलं की समोरचा तीन वेगळे स्विच दाखवतो.

टेस्टलॅम्प

आधी काहीही विकत घेऊ नका. एकच दिवा मिणमिणतोय म्हणजे पहिला संशय त्या दिव्याच्या अर्थवर.

दिवे चालू ठेवा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ केलेल्या टोकावर (तुमच्या गाडीत ते पॉझिटिव्ह असणार), दुसरी डाव्या बल्बच्या होल्डरच्या अर्थवर. आकडा शून्याच्या आसपास पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा वर दिसला तर अर्थ खराब. मग बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या लाइव्ह टोकापर्यंत तसंच मोजा.

बल्ब काढून मोजू नका. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण बारा व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो.

हॉर्नवर दोन्ही मंदावतात तो मामला वेगळा. बॅटरीची टोकं, बॅटरी ते बॉडी पट्टा आणि तपकिरी वायरचे सांधे बघा. आणि हे रेस देऊन तपासा. डायनमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही, तेव्हा थोडं मंदावणं त्या गाडीचा स्वभावच आहे.

कटआउट

वरच्याशी सहमत, पण लूमचा (वायरींच्या बांधलेल्या जुडग्याचा) निकाल वेगळ्या परीक्षेने लावा. इंजिनजवळची एक वायर हलकेच वाकवा. कापडी वेणीच्या आत रबर असेल आणि त्याचे तुकडे पडत असतील तर डागडुजीच्या नादी लागू नका. टेप बाहेरून गुंडाळाल, आत तांबं उघडंच राहणार. आत पीव्हीसी असेल आणि लवचीक असेल तर नुसते सांधे नवे करा.

रंग पाठ करून ठेवा: तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, फ्यूज नाही. पांढरी इग्निशनची. हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली. लाल साइड लॅम्पची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. वेणीतला उभा धागा झिजला असेल तर सांध्यापाशी टेप सोडवून बघा, आत रंग टिकलेला असतो.

आता फ्यूज. लुकास या ब्रिटिश विद्युत-पार्ट कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो वितळण्याचा आकडा आहे. सतत झेपतात १७ अँपिअर. आजच्या बऱ्याच फ्यूजवर लिहिलेला आकडा सतत चालण्याचा असतो. तिथे आकडा बघून ३५ चा बसवलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. बहुतेक जण हे तपासतच नाहीत. शिवाय या गाडीच्या हेडलाइटना मुळात फ्यूजच नाही. लूम उघडताय तर दोन फ्यूज आणि रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून घ्या, जुन्या स्विचवरचा भार उतरेल. रिले साधा घ्या. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला असेल तर पॉझिटिव्ह अर्थवर कॉइलची टोकं उलटी जोडावी लागतात.

मागचीसीट

मोजलं. डाव्या दिव्याच्या अर्थवर १.८ व्होल्ट! अर्थचा स्क्रू मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर आहे आणि कोणीतरी त्याच्यासकट रंग मारलाय. पत्रा घासून नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावला, डावा आता उजव्याला मागे टाकतो. पण इंजिनजवळची वायर वाकवली तर रबराचा भुगा हातात आला.

कटआउट

मग इंजिनकडचं लूम नवीनच. मूळ रंगाची कापडी वेणी आणि आत पीव्हीसी असं लूम बनवून देणारे आहेत. ऑर्डर देताना चॅसिस नंबर, साल, स्टिअरिंगची बाजू, बॉडीचा प्रकार, डायनमो आणि ट्रॅफिकेटर, हे सगळं लिहून द्या. मायनरमध्ये १९६१ पासून ट्रॅफिकेटर जाऊन लुकलुकणारे इंडिकेटर आले, त्यामुळे एका वर्षाच्या फरकानेही लूम वेगळं येतं.

भंगारशोध्या

पार्टबद्दल माझं एकच म्हणणं: गाडीचं नाव घेऊन शोधू नका, पार्टवरचा नंबर घेऊन शोधा. लुकासच्या स्विचवर, कंट्रोल बॉक्सवर (डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी पेटी), डायनमोच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो, बहुतेकदा शेजारी महिना-सालही. मळ पुसून टॉर्चचा उजेड तिरका मारला की उमटतो. तोच स्विच त्या काळच्या इतर ब्रिटिश गाड्यांतही सापडतो. ‘मायनर’ म्हणून शोधाल तर अर्धा माल दिसणारच नाही.

खोक्यात पडून राहिलेला जुना कोरा माल बघून मात्र हुरळू नका. स्विच, होल्डर, काचा बिनधास्त घ्या. रबराचे ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातल्या कड्या) आणि इग्निशनचा कंडेन्सर नवेच घ्या, ते कपाटात पडूनही म्हातारे होतात. रोटर (स्पार्क एकेका प्लगकडे वळवणारा फिरता भाग) नवीन घ्याल तर पितळी पट्टीला रिव्हेट नसलेला बघा. काही स्वस्त रोटरमध्ये रिव्हेटमधून स्पार्क खालच्या शाफ्टला उतरतो आणि गाडी गरम झाली की बंद पडते.

टेस्टलॅम्प

पॉझिटिव्ह अर्थला हात लावायची गरज नाही. आधुनिक रेडिओ किंवा चार्जर हवाच असेल तर विचार करा. तेव्हा बॅटरी फिरवणं, कॉइलच्या वायरींची अदलाबदल आणि डायनमोचं पुन्हा ध्रुवीकरण (चुंबकत्वाची दिशा उलटवणं) करावं लागेल.

कटआउट

रात्री लांब पल्ल्याला जात असाल तर अल्टरनेटरच्या बाबतीत मेकॅनिक अगदीच चुकीचा नाही हं. पण मग लूमच्या ऑर्डरमध्ये डायनमो लिहू नका. आधी ठरवा.

मागचीसीट

डायनमोच ठेवतोय. ट्रॅफिकेटर उघडला. दांडी हाताने छान उठते, पण सॉलेनॉइडला (दांडी उचलणाऱ्या विद्युतचुंबकाला) करंटच येत नाही. खांबाच्या आत वायर कापलेली दिसतेय, टोक वर कुठेतरी अडकलंय. जुनी वायर ओढून नवी घ्यायची सोयच उरली नाही.

भंगारशोध्या

सायकलच्या ब्रेकची आतली तार घ्या. ट्रॅफिकेटरच्या खाचेतून खाली सोडा, टोक आधी वळवून गुळगुळीत करा म्हणजे अडकणार नाही. खाली गालिचाजवळ बाहेर आली की तिला वायर बांधून वर ओढा. आणि डाव्या खांबातली वायर शाबूत असेल तर ती काढण्याआधी शेपटाला सुतळी बांधून ठेवा.