समुद्राच्या अद्भुतकथांची मालिका चार शाळांत फिरवायची आहे. प्रती किती आणि क्रम कसा?

किनारवाचक
मालवण शहर आणि लगतच्या जिल्हा परिषदेच्या चार शाळा. तिसरी ते सातवी मिळून एकेका शाळेत 18 ते 35 मुलं, दोन शाळांत दोन-दोन शिक्षक. पाच भागांची अनुवादित मालिका घ्यायची आहे: थंड समुद्र, जलमानव, बुडालेलं शहर वगैरे. प्रत्येक भाग साधारण 120 पानांचा. चार पूर्ण संच घ्यावेत की वेगळं काही? आणखी एक. पहिल्या भागात पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटी लागून गुहेचं तोंड उघडतं. मुलं म्हणतात, "ह्यां खोटां." काय सांगायचं?

फिरती पेटी
चार सारखे संच घेऊ नका. मालिका अडकते ती दुसऱ्या भागावर. तो एका घरी पडून राहिला की मागची सगळी रांग थांबते आणि तिसरा, चौथा, पाचवा कोरेच राहतात.

प्रत्येक शाळेला पहिल्या भागाची एकच प्रत द्या, शिक्षकांसाठी. तो वर्गात मोठ्याने वाचायचा, घरी द्यायचाच नाही. पानाला 180 शब्द धरले तर 21,600 शब्द होतात. मिनिटाला शंभरच्या गतीने साडेतीन तासांच्या वर थोडं, म्हणजे रोज 20 मिनिटं वाचलं तर अकरा दिवस. दुसऱ्याच्या चार प्रती, तिसऱ्याच्या तीन, शेवटच्या दोन भागांच्या दोन-दोन. शाळेमागे 12, एकूण 48 पुस्तकं. दुसऱ्या भागाची पहिली दोन प्रकरणंही वर्गातच वाचा, ऐन अडचणीच्या जागी थांबा आणि प्रती टेबलावर ठेवा. सात दिवसांची मुदत पुरते. दोन आठवडे दिले तर मुलं तेराव्या दिवशी उघडतात.

वाचन शेवटच्या तासाला ठेवा. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दिवसांत दोर ओढायला गेलेली पोरं पहिल्या तासाला उशिरा येतात, धागा तुटतो. सुरुवात जूनमध्येच करा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, घरची माणसं घरी असतात, संध्याकाळी पुस्तक ऐकायला कुणीतरी असतं. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची वाट बघत बसलात तर पावसाळा फुकट गेला.

जुजबंदी
घेण्याआधी पुस्तक मधोमध उघडून कणा बघा. नुसत्या गोंदाची बांधणी किनाऱ्यावरच्या दमट हवेत दोन पावसाळे काढत नाही. पानं गठ्ठ्याने निघतात. जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली, मिळत असेल तर तीच घ्या. पिना मारलेली नको. पिना गंजतात आणि डाग आठ-दहा पानं आत उतरतो.

प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवून बंद करू नका, आतल्या दमटपणाने बुरशी धरते. खाकी कागद बरा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, पुस्तकं ठासून भरू नका. बुरशी आलीच तर सावलीत वाऱ्यावर उभी उघडून ठेवा, वाळली की कोरड्या फडक्याने झाडा, आणि हे शाळेबाहेर करा. ओल्यावर पुसलं तर ती कागदात पसरते.

भांगउधाण
मुलं बरोबर बोलतायत, आणि लेखकही बरोबर असू शकतो.

आपल्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा. थोडं मागेपुढे होतं, पण पौर्णिमेच्या मध्यरात्री मालवणात पाणी भरलेलंच असणार. ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास. म्हणून त्यांना ते खोटं वाटतं. जलमानव चालतो, चुकीची ओहोटी चालत नाही! पण उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची, ही वेळ प्रत्येक किनाऱ्याची आपापली असते. खाडीचा आकार, तळाची खोली, लाट कुठल्या बाजूने येते, यांवर ती ठरते. मालिकेतल्या बंदरात पौर्णिमेला सकाळ-संध्याकाळ सहाला भरती येत असेल तर मध्यरात्री गुहा उघडणारच.

हे सांगून सोडू नका, मोजायला लावा. धक्क्याच्या कोरड्या पायऱ्या वरून मोजायच्या, पाण्यात उतरायचं नाही, मोठं माणूस सोबत हवं. पंधरा दिवस रोज एकाच वेळी आकडा लिहायचा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे त्याच वेळेचा आकडा बदलत जातो. शेजारी तिथी लिहा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, उधाणाला जास्त. मग मुलांनाच विचारा, गुहा आपल्याकडे असती तर कुठल्या तिथीच्या मध्यरात्री उघडली असती? अष्टमीच्या आसपास, पण तेव्हा भांग, पाणी फारसं उतरत नाही. मग तोंड किती खाली हवं?

किनारवाचक
48 प्रतींचा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवतो. फिरती पेटी, दुसऱ्या भागाची एखादी प्रत फाटली तर पाचवी राखीव हवी का?

फिरती पेटी
चार शाळांत मिळून एक. ती केंद्रशाळेत ठेवा, कुलपात.